सहावा अध्याय, श्लोक ८ : ढेकूळ, दगड आणि आईची डबी



आजचा श्लोक सहाव्या अध्यायातला आठवा. ज्ञानाने आणि अनुभवाने जो तृप्त झाला, ज्याने इंद्रियं जिंकली, ज्याला मातीचं ढेकूळ, दगड आणि सोनं हे तिन्ही सारखेच, त्याला योगी म्हणावं, असा साधारण अर्थ. हीच ढेकूळ-दगड-सोन्याची तिकडी पुढे चौदाव्या अध्यायात, गुणातीताच्या वर्णनात, चोविसाव्या श्लोकात पुन्हा येते. म्हणजे एकदा सांगून भागलं नाही.

आता माझी अडचण सांगतो. पुढच्या आठवड्यात दसरा आहे आणि या रविवारी मी घरातले दागिने साफ करायला बसणार आहे. संधिवाताने आईची बोटं नीट वळत नाहीत, तेव्हापासून हे काम माझ्याकडे आलंय. दोनेक तास जातात. सकाळी हा श्लोक वाचायचा आणि दुपारी पाटलीच्या नक्षीतून ब्रश फिरवायचा, याचा मेळ कसा घालायचा? ढेकळाला कोणी रिठ्याच्या पाण्यात घालत नाही.

"मनात आसक्ती नसली म्हणजे झालं" हे उत्तर मला माहीत आहे. ते इतकं सोयीचं आहे की त्यात काहीही बसतं. म्हणून आधी हे काम नेमकं काय असतं ते सांगतो, कारण "जपणं" हा शब्द आपण फार हवेत वापरतो.

पाटल्या, बांगड्या, साखळी सोपं प्रकरण. पातेल्यात कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. आई अजून रिठाच म्हणते : चार रिठे रात्री भिजवायचे, सकाळी चोळून फेस काढायचा. दोन्ही चालतं. दहा-पंधरा मिनिटांनी लहान मुलांच्या मऊ ब्रशने खाचांमधून हलक्या हाताने घासायचं, दुसऱ्या पातेल्यातल्या साध्या पाण्यात काढायचं, मलमलीच्या फडक्यावर टिपायचं. बेसिनच्या नळाखाली कधीच धरायचं नाही. कानातल्याची फिरकी एकदा जाळीतून गेली की गेली. टूथपेस्टही नको. सोनं मऊ असतं आणि पेस्टमध्ये घासणारी पूड असते, तिने बारीक चरे पडतात.

इथे दृष्टान्त द्यायचा मोह होतो : सोनं मळत नाही, सोन्यावर मळ बसतो, तसाच आत्मा. पण आपल्या पाटल्या बावीस कॅरटच्या, म्हणजे ९१.६ टक्के सोनं आणि उरलेलं तांबं, चांदी वगैरे. ते उरलेलं काळपटतं, आणि ते दागिन्याच्या आतच आहे. शंभर टक्के सोन्याची बांगडी केली तर रोजच्या वापरात वाकेल. तेव्हा दृष्टान्त लंगडा आहे, सोडून देतो.

बोरमाळेचं वेगळं. आमच्या बोरमाळेचे मणी आतून पोकळ, त्यात लाख भरलेली. कोल्हापुरी साजातही जुन्या घडणीत अशीच लाख असते. गरम पाणी लागलं की लाख मऊ पडते, मग मणी चेपतो. म्हणून नुसतं ओलसर फडकं. नथीचं त्याहून नाजूक. मोती म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीच्या जातीचं. लिंबू, व्हिनेगर त्याला अक्षरशः खातं. घाम आणि अत्तरानेही त्याचं पाणी जातं, म्हणून अत्तर आधी आणि नथ सगळ्यांत शेवटी, उतरवताना सगळ्यांत आधी. मोती भिजवत नाहीत, पुसतात. आणि दोऱ्यात ओवलेलं काही असेल तर तेही भिजवायचं नाही, दोरा आत ओला राहून कुजतो.

म्हणजे एकाच डबीत चार दागिने आणि चौघांची तऱ्हा निराळी. सगळ्यांना सारखं वागवायचं म्हणून सगळं एकाच पातेल्यात टाकलं तर नथीचं वाटोळं होईल. श्लोकातला समभाव म्हणजे एकसारखी वागणूक नव्हे, एवढं तरी रविवारच्या पातेल्यातून मला पटलेलं आहे.

दुसरी एक गोष्ट मला या श्लोकापाशी नेहमी थांबवते. झारेकरी तुम्हाला माहीत असतील. सराफकट्ट्यावरची धूळ, सोनाराच्या दुकानातला केर, गटारातला गाळ गोळा करून, धुऊन, त्यातून सोन्याचे कण काढणारी माणसं. कानशीने, पॉलिशने झडलेलं सोनं त्यांच्या घमेल्यात येतं. माती आणि सोनं वेगळं करणं यावर त्यांची चूल पेटते. त्यांना जाऊन कोणी म्हणावं की दोन्ही सारखंच? सोनं मातीसमान आहे हे ज्याच्या कपाटात सोनं आहे त्याने म्हणणं फार स्वस्त आहे. माझ्यासारख्या पगारदाराने तर हा श्लोक दुसऱ्यासमोर म्हणूच नये, स्वतःपुरता वाचावा.

ज्यांना तो म्हणायचा अधिकार होता ते राका कुंभार आणि त्यांची बायको बांका. पंढरपूरचे, अत्यंत गरीब. कीर्तनात गोष्ट सांगतात : राका पुढे, बांका मागे, रानात लाकडं गोळा करायला निघाले. वाटेत सोनं पडलेलं. बायकोला मोह होऊ नये म्हणून राकाने पायाने त्यावर माती लोटली. बांका मागून आली, म्हणाली, मातीवर माती कशाला टाकताय? कीर्तनकार इथे टाळ्या घेतात, आणि घ्याव्यातच. राकाला अजून सोनं दिसत होतं, बांकाला तेवढंही नाही.

पण याच राकांची दुसरी गोष्टही कीर्तनातच ऐकलेली आहे. कच्च्या मडक्यात मांजरीने पिल्लं घातली होती, आणि हे न कळता आवा पेटवला गेला. कळल्यावर राकांची जी तळमळ झाली, जो धावा त्यांनी मांडला, तो ऐकताना मंडपातली माणसं डोळे पुसतात. आवा उघडला तेव्हा ते एक मडकं कच्चंच राहिलेलं आणि पिल्लं जिवंत.

सोन्याला माती म्हणणाऱ्या घरात मातीच्या एका मडक्यासाठी एवढा जीव पाखडला गेला. या दोन गोष्टी एकमेकींना लावून कोणी सांगितल्याचं मी ऐकलं नाही, पण मला त्या एकाच बैठकीत ऐकाव्याशा वाटतात. सोनं आणि ढेकूळ सारखं मानायचं तर दोन दिशा आहेत. सोन्याला ढेकळासारखं भिरकवायचं, किंवा ढेकळाला सोन्यासारखं हातात धरायचं. आम्ही संन्यास म्हटलं की पहिलीच दिशा धरतो. मी पाटल्या घासत असतो तेव्हा आई शेजारी बसून चिंच आणि मीठ घेऊन देवाचं तांब्याचं ताम्हन घासते, ते तिला तळव्याने जमतं. बाजारात ताम्हनाची किंमत पाटलीच्या फिरकीइतकीही नाही. ती मात्र पाटलीकडे बघते तसंच ताम्हन उलटसुलट करून उजेडात बघते.

आता डबीतली शेवटची वस्तू. मंगळसूत्र.

बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता, तो बाबांनीच पेपरमधून मोठ्याने वाचून दाखवला होता. त्यामुळे आमच्याकडे कोणी तिला काही काढायला लावलं नाही. तेराव्यानंतर एका संध्याकाळी तिने स्वतःच काढलं आणि डबीत ठेवलं. मी काही विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. पण दर दसऱ्याला बाकीच्या दागिन्यांबरोबर ते माझ्यासमोर येतं. "हेही बघ जरा," एवढंच म्हणते.

आत्या म्हणते, वाट्या मोडून ताईच्या मुलीला कुड्या करा, पडून काय उपयोग? तिचं चूक नाही. माझ्या कामातही हाच नियम आहे. जो कोड कुठूनच वापरला जात नाही तो आम्ही काढून टाकतो, सांभाळत बसत नाही. आणि शास्त्रही आत्याच्याच बाजूने आहे असं दिसतं. छांदोग्य उपनिषदात उद्दालक श्वेतकेतूला मातीचा गोळा, मग लोहमणी, मग नखं काढायची नऱ्हाणी असे ओळीने तीन दाखले देतात. लोहमणी म्हणजे सोन्याचा गोळा असं शंकराचार्य सांगतात. धातू तोच, वेगवेगळी असतात ती नुसती नावं. त्या हिशेबाने वाट्या मोडून कुड्या झाल्या तर काहीच गेलं नाही. वजन तेवढंच, घडणावळ वेगळी.

मग जे कोणी घालणार नाही ते दरवर्षी घासायचं कशासाठी? हा मोह नव्हे तर काय?

आठवा श्लोक एकटा वाचला तर मला याचं उत्तर सापडत नाही. अध्यायाच्या पहिल्या श्लोकापासून वाचत आलं तर थोडं सापडतं. अध्याय सुरूच होतो तो, फळावर न टेकता जो आपलं करायचं कर्म करतो तोच संन्यासी आणि तोच योगी, या विधानाने. अग्नी टाकला, काम टाकलं म्हणून कोणी योगी होत नाही, हेही तिथेच म्हटलंय. पाटली साफ करण्याला फळ आहे : दसऱ्याला ताई घालेल, लोक चांगली म्हणतील. त्या मंगळसूत्राला तसलं काहीही नाही. कोणी बघणार नाही, विकायचं नाही, घासून पुन्हा गुलाबी कागदात गुंडाळून डबीच्या तळाशी जायचं. आमच्या घरातलं इतकं निखळ बिनफळाचं काम दुसरं मला दिसत नाही. आई योगिनी आहे असं मी म्हणत नाही, तिने ऐकलं तर हसेल. पण "पडून काय उपयोग" हा प्रश्न फळाचा आहे, आणि तिच्या मागणीत तो कुठे नाही.

वाट्या उलट्या केल्या की आत हळदकुंकू दिसतं. तीस-पस्तीस वर्षांचं, दाबून बसलेलं, कडेला जवळजवळ काळं. पहिल्या वर्षी मी टूथपिक घेतली तेव्हा ती पटकन म्हणाली, "बाहेरून कर रे. आतलं राहू दे." हळदकुंकवाने सोन्याला काही होत नाही, त्यामुळे काढायचं असं तांत्रिक कारणही नाही. तेव्हापासून वाट्या पाण्यात बुडवत नाही, बाहेरून ओल्या फडक्याने पुसतो, काळे मणी कोरड्याने.

मध्यंतरी आमच्या कॉलनीत सोनं उजळून देणारे दोघं येऊन गेले. एका काकूंच्या बांगड्या त्यांनी समोरच पिवळ्या पाण्यात बुडवल्या, चकचकीत करून दिल्या. सोनाराकडे नेल्यावर वजन कमी भरलं. ते पाणी बहुतेक अम्लराज असावं, तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल. सोनं त्यात विरघळतं आणि नंतर त्या पाण्यातून परत काढता येतं. कोणी दारात आलं तर देऊ नका, डोळ्यांसमोर करतो म्हणाले तरी देऊ नका. तसं प्रामाणिक सोनाराचं पॉलिशसुद्धा थोडं थोडं सोनं घेतंच. म्हणून जुने दागिने वरचेवर पॉलिशला देऊ नयेत, घरचा रिठा पुरे.

वाट्या मोडायच्या की नाही हे आई दिवाळीपर्यंत सांगते म्हणालीय. तिने मला विचारलेलं नाही, मीही मत दिलेलं नाही.

उद्या नववा श्लोक. तिथे सोनं-माती संपते आणि मित्र, शत्रू, द्वेष करणारे, सोयरे, साधू आणि पापी यांच्याविषयीच्या समबुद्धीला सुरुवात होते. आत्या वाचणार आहे, तेव्हा जपून लिहीन.

राम कृष्ण हरी.