हे न्या

वाचनालयातून आणलेलं पुस्तक मी आधी मागून उघडतो. जुनी सवय आहे. शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी डकवलेली असते. जांभळ्या शाईचे शिक्के, एकाखाली एक. काही पुस्तकांना चिठ्ठीवर चिठ्ठी चढत जाते, पापुद्रे सुटतात. काहींची पहिलीच चिठ्ठी अर्धी कोरी राहते.

परवा आणलेल्या पुस्तकावर आठ शिक्के होते. पहिले सहा दोन वर्षांतले. सातवा एकदम अकरा वर्षांनी. आठवा १९९४चा. त्यानंतर कोणी नाही. आणि त्याखाली नववा, शाई अजून ओली, माझा.

सकाळी चहा घेता घेता मी ती चिठ्ठीच बघत बसलो. अकरा वर्षांनी हे पुस्तक मागायला कोण आलं असेल? त्याला कोणी सांगितलं असेल?

पुस्तक विभावरी शिरूरकरांचं, ‘बळी’. त्यांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ सगळ्यांना ठाऊक. १९३३ साली त्या कथांनी केवढी खळबळ उडवली, आणि नाव टोपणनाव आहे हे कळल्यावर खरी लेखिका कोण याचीच चर्चा जास्त झाली. मालती बेडेकर. याच बाईंनी १९५० साली ‘बळी’ लिहिली. तिच्याबद्दल विचारलं, तर चांगले वाचणारे लोकही “नाव ऐकलंय” म्हणून थांबतात. मीही त्यांच्यातलाच होतो.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवून टाकलं. पुढे त्यांच्यासाठी वसाहती बांधल्या. तारेचं कुंपण, रोजची हजेरी. सोलापूरच्या अशा वसाहतीत मालतीबाई नोकरीला होत्या. कादंबरी तिथल्या मांगगारुड्यांची आहे. लिहिणारी बाई पगार घेऊन कुंपणाच्या आत उभी होती, हे पानापानांत जाणवतं. दया दाखवायला म्हणून कुणी दुरून लिहिलं, तर असं लिहून होत नाही. सोलापुरात त्या भागाला अजूनही ‘सेटलमेंट’च म्हणतात. कुंपण गेलं, नाव राहिलं.

मला हे पुस्तक वाचनालयातल्या बाईंनी दिलं. मी मागत होतो दुसरंच. ते बाहेर गेलेलं. त्या उठल्या, खालच्या खणातून हे काढलं, पदरानं धूळ पुसली आणि “हे न्या” म्हणाल्या.

“कशाबद्दल आहे?”

“न्या तर.”

त्या ‘न्या तर’मध्ये थोडी भीती होती. आता वाटतं, ती असतेच. गाजलेलं पुस्तक सुचवायला काही लागत नाही. आवडलं नाही, तर दोष वाचणाऱ्याच्या अंगावर जातो. पण कुणी न वाचलेलं पुस्तक हातात देताना आपल्या पाठीशी कोणी नसतं. पुरस्कार नसतो, आवृत्त्या नसतात. नुसते आपण. समोरच्यानं परत देताना “बरं आहे” म्हटलं, की ते आपल्यालाच म्हटल्यासारखं लागतं.

पाठीशी मोठं माणूस असूनही काही पुस्तकं हरवतात, ते वेगळं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापलं. टीका झाली. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. जोतीरावांनी ‘हे वाचा’ म्हणावं, आणखी काय हवं? तरी पुस्तक विस्मरणात गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं, तेव्हा कुठे ते लोकांच्या हाती आलं. आज ते महाविद्यालयांत शिकवतात.

मधली नव्वदेक वर्षं मला खुणावतात. एखादी प्रत तेवढा काळ कुठल्या तरी फडताळात पडून असणारच. कुणीतरी ती रद्दीत घातली नाही. त्या माणसाला तिचं मोल कळलं होतं, की नुसता आळस? मला आपलं आळसाचे आभार मानायला आवडतं.

मी स्वतः मात्र पुस्तकं सुचवण्यात कच्चा आहे. भाच्याला एकदा एक जुनं प्रवासवर्णन दिलं. भारावून दिलं, तासभर त्यावर बोललो. सहा महिन्यांनी ते परत आलं, तेविसाव्या पानात विजेचं बिल खुणेला. “मामा, भाषा जड आहे,” तो म्हणाला. भाषा जड नव्हती. मला ते पुस्तक द्यायचं होतं. कुणाला, हे मी पाहिलंच नव्हतं. पुस्तक आपल्याला माहीत असतं, माणूस माहीत आहे असं आपण धरून चालतो. वाचनालयातल्या बाई मला वीस वर्षं ओळखतात. मी काय वाचतो, आणि काय नेऊन न वाचताच परत देतो, हेही त्यांना माहीत आहे.

‘बळी’ वाचून झाल्यावर एकच माणूस डोळ्यांसमोर आला. सकाळी फिरायला येणारे एक गृहस्थ. पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. बोलणं कमी, चालणं भरभर. तरुणपणी ते गावोगावच्या बिऱ्हाडांवर धाडी घालायला जात. चोरी कुठंही होवो, आधी त्याच बिऱ्हाडांवर. हे त्यांनीच एकदा सांगितलं होतं, बुटाची नाडी बांधता बांधता, वर न पाहता.

त्यांना हे द्यावं का? टोमणा वाटला तर? तीन दिवस पुस्तक पिशवीत घालून नेलं आणि तसंच घरी आणलं. बायको म्हणाली, “पुस्तकाला फिरवून आणताय का रोज?”

आज बाकावर बसल्यावर काढलं एकदाचं. “हे न्या,” म्हटलं. “माझ्या कार्डावर आहे. अठरा तारखेच्या आत द्या.”

“कशाबद्दल आहे?”

मी काही बोललो नाही. त्यांनी चष्मा लावला. पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. मग शेवटचं पान उघडलं आणि बोट ठेवून ते एकेक तारीख वाचायला लागले.