उसना आडोसा

ज्याच्याशीं उद्यां सामना करावयाचा, त्याच्याच पाठीचा आडोसा आज घ्यावा कीं नाहीं, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांत सहसा आढळत नाहीं. परंतु भूमध्य समुद्रांतील मायोर्का बेटावर दर वर्षीं वसंताच्या तोंडीं तो पुष्कळांपुढें उभा राहतो. स्पेनच्या बालेआरिक द्वीपसमूहांतील हें सर्वांत मोठें बेट. इंग्लंड, जर्मनी, बेल्जम इत्यादि देशांत रस्ते अजून ओले आणि वारे बोचरे असतात, तेव्हां येथें बदामाचीं झाडें फुलून गेलेलीं असतात आणि ऊन मुद्दाम अंगावर घ्यावें असें असतें. म्हणून त्या देशांतील सायकल-शर्यतींचे क्लब हंगाम सुरू होण्यापूर्वीं आठ-पंधरा दिवस येथें येऊन सराव करतात. लहान क्लबास हा खर्च एकट्यानें झेपत नाहीं. मग दोन क्लब मिळून एक हॉटेल, सामानाची एक मोटार आणि एकच शिबिर करतात. सकाळीं एका रांगेंत निघतात, रात्रीं एका पंगतीस बसतात. पुढें जून महिन्यांत हेच दोन क्लब एकाच शर्यतींत एकमेकांवर तुटून पडावयाचे असतात. (बेटावरील रहिवाशांस ह्या लांबच लांब रांगांमागें आपली मोटार अडकून राहण्यांत किती सुख वाटत असेल, हा प्रश्न निराळा, तोही नीतीचाच आहे, पण येथें नको.)

ह्या खेळांतील एक गोष्ट ध्यानांत घेतल्यावांचून पुढील विवेचन समजणार नाहीं. सपाट रस्त्यावर ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ति वारा कापण्यांत खर्ची पडते. वेग दुप्पट करावयाचा तर ह्या कामीं जवळजवळ आठपट शक्ति लागते. त्याच्या चाकामागें हातभर अंतरावर जो राहील, त्याची चौथाई ते तिजाई शक्ति वांचते. मोठ्या घोळक्याच्या पोटांत तर त्याहूनही अधिक. म्हणून पुढें राहण्याचें काम पाळीपाळीनें करतात. पुढचा थकला कीं बाजूस होतो, रांगेच्या शेवटीं येऊन लागतो, आणि ज्यास त्यानें आतांपर्यंत झांकलें, तो आतां सगळ्यांस झांकतो.

हा आडोसा घेणें म्हणजे परक्याच्या घामावर जगणें होय काय? इंग्लंडांत घड्याळाविरुद्ध एकट्यानें धांवण्याच्या शर्यतींची जुनी परंपरा आहे. तींत स्वारांस मिनिटामिनिटाच्या अंतरानें सोडतात, आणि जो दुसऱ्याच्या आडोशास राहील तो अपराधी ठरतो. समुद्रापलीकडे फ्रान्सांत मात्र रस्त्यावरच्या शर्यतींत हाच अपराध कला समजला जातो. मायोर्कांतीलच फेलानित्स गांवचा गिल्येर्मो तिमोनेर (१९२६-२०२३) हा मोटारसायकलीच्या मागें राहून धांवण्याच्या शर्यतींत १९५५ ते १९६५ ह्या काळांत ६ वेळां जगज्जेता झाला. त्याचें सारें कौशल्य आडोसा न सुटूं देण्यांत होतें. त्यास बांडगूळ म्हणण्याचें धाडस कोणी करणार नाहीं.

आम्हांस वाटतें, ह्या व्यवहारास योग्य शब्द आमच्या शेतकऱ्यांपाशीं आहे. ज्याच्याजवळ एकच बैल तो शेजाऱ्याच्या एका बैलाशीं आपला बैल जुंपतो. आज ह्याचें शेत, उद्यां त्याचें. ह्याला सावड म्हणतात. सावडींत कोणी कोणावर उपकार करीत नाहीं आणि कोणी कोणाचा मिंधा होत नाहीं. बांधाचें भांडण असलेले शेजारीही सावड करतात. सायकलीच्या रांगेंत तर ही सावड आपण समजतों त्याहून खोल आहे. हवेच्या गतीचा अभ्यास करणाऱ्यांनीं दाखविलें आहे कीं मागें कोणी लागला असतां पुढच्याचाही भार शेंकडा दोन-तीनपर्यंत हलका होतो, कारण त्याच्या पाठीमागें हवेची जी ओढ असते ती कमी होते. म्हणजे घेणाराही, नकळत कां होईना, देत असतो. ज्यास पुढची पाळी झेपत नाहीं त्यास शिबिरांत सांभाळून नेतात, आणि तें योग्यच आहे. झेपत असतां न झेपल्याचें सोंग करणारा मात्र दोन दिवसांत ओळखूं येतो.

फ्रान्सच्या देशप्रदक्षिणेच्या सुप्रसिद्ध शर्यतीचे चालक आंरी देग्रांज ह्यांनीं १९३० सालीं कारखानदारांचे संघ काढून त्यांच्या जागीं राष्ट्रांचे संघ आणले. त्यामुळें एरव्हीं परस्परांचे प्रतिस्पर्धी असलेले स्वार त्या शर्यतीपुरते एका संघांत आले. इटलीचे फाउस्तो कोप्पी व जीनो बार्ताली हे असेच. १९५२ च्या शर्यतींत घाट चढतांना पाण्याची बाटली एकाच्या हातांतून दुसऱ्याच्या हातांत जात असल्याचें त्यांचें छायाचित्र प्रसिद्ध झालें, आणि ती कोणी कोणास दिली ह्यावर इटलींत वर्षानुवर्षें वाद झडला. दोन्ही पक्षांस ती आपल्याच माणसानें दिलेली हवी होती. कारण घेण्यांत कमीपणा आहे ही समजूत. सावड जाणणाऱ्यास हा वाद पोरकट वाटेल. शर्यत कोप्पीनें जिंकली.

येथवर प्रश्न सोपा आहे. वाऱ्याचें देणें रस्त्यावरच फिटतें. शिबिरांत दुसरेंही कांहीं हातीं लागतें, आणि तें असें फिटत नाहीं.

बेटाच्या वायव्येस त्रामुन्ताना पर्वताची रांग आहे. युनेस्कोनें २०११ सालीं तिला जागतिक वारशांत स्थान दिलें. ह्या डोंगरांतून सा कालोब्रा नांवाच्या समुद्रकांठच्या वस्तीस जाणारा रस्ता १९३२ सालचा, आंतोनियो पारिएत्ती ह्या इंजिनियरानें आंखलेला. लांबी सुमारें साडेनऊ किलोमीटर, चढ सरासरीनें शेंकडा सात. एके ठिकाणीं हा रस्ता वळसा घेऊन स्वतःच्याच खालून जातो. त्या वळणास तेथें नेकटायची गांठ म्हणतात. ह्या रस्त्याची गंमत अशी कीं तो समुद्रापाशीं संपतो, आणि सायकलीला पुढें वाट नाहीं. म्हणजे अगोदर उतरावयाचें आणि मग तेंच सगळें चढावयाचें. अशा ठिकाणीं मागून जाणाऱ्यास पुढच्याचें अंतरंग कळतें. कोणत्या वळणावर त्याचा हात अकारण ब्रेकवर जातो, कोणत्या चढावर श्वास तुटतो, हें सारें दिसतें. आणि रात्रीं जेवणाच्या टेबलाशीं तो स्वतःच सांगतो कीं उजवा गुडघा गेल्या वर्षापासून दुखतो, बैठक थोडी उंच केली तर बरें पडेल काय?

जूनमध्यें हें ज्ञान वापरावें काय? कोणी म्हणेल, शर्यत ती शर्यत. डोळे मिटून कोणी सराव करीत नाहीं. आम्ही हें अर्धेंच मान्य करतों. चढावर कोण मागें पडतो हें उघड्या रस्त्यावर दिसलें. दाखविणाऱ्यासही तें ठाऊक होतें, आणि त्यानें त्याच वेळीं आपलेंही पाहून घेतलें. तें दोघांचें झालें. गुडघ्याची गोष्ट तशी नव्हे. ती प्रतिस्पर्ध्यास सांगितली नव्हती, सोबत्यास सांगितली होती. ऐकणाऱ्याचा उपयोग होईल हें ठाऊक असतें तर ती सांगितलीच गेली नसती. उताराच्या भीतीचें प्रकरण ह्याहून बिकट. ती रस्त्यावर दिसली हें खरें, पण पावसांत ओल्या वळणावर मुद्दाम त्या माणसास रेटणें म्हणजे त्यास हरविणें नव्हे, पाडणें होय.

खरी अडचण मात्र स्वाराच्या मनांत उत्पन्न होत नाहीं. ती त्याच्या क्लबांत उत्पन्न होते. शर्यतीच्या आदल्या रात्रीं कप्तान विचारतो, “त्यांच्यांत कच्चा कोण?” आतां हा बिचारा दोन निष्ठांत सांपडतो. क्लबानें त्याच्या प्रवासास पैसे घातलेले आहेत. क्लबापासून कांहीं लपविणें ही कृतघ्नता नव्हे काय? आमच्या मतें नव्हे. शिबिर एकत्र करण्याचा ठराव क्लबानेंच केला. खर्च अर्धा आला तो दुसऱ्या पक्षानें विश्वासानें एका टेबलाशीं बसावयाचें कबूल केलें म्हणून. तो विश्वास भाड्यांत एकदां वळता करून घेतल्यावर जूनमध्यें त्याचीच पुन्हां वसुली करण्याचा हक्क क्लबास उरत नाहीं. “मला ठाऊक आहे, पण सांगणार नाहीं” असें म्हणणें तर सर्वांत वाईट. त्यानें अर्धें गुपित फुटतें आणि सांगणाऱ्यास सज्जनपणाही मिरवावयास मिळतो. रस्त्यावर सर्वांनीं जें पाहिलें तें त्यानें सांगावें, बाकीच्याविषयीं कांहीं बोलूं नये.

कोणी विचारील, ठाऊक असलेलें विसरतां थोडेंच येतें? नाहीं येत. घाटाच्या पायथ्याशीं तो उजवा गुडघा त्याच्या डोळ्यांपुढें वरखालीं होतच राहील. मग त्यानें जोर कोठें करावा? गुडघ्याची गोष्ट कानीं आली नसती तर जेथें केला असता तेथें. आणि तें ठिकाण त्यानें शिबिरास जाण्यापूर्वींच, घरीं नकाशा पुढें घेऊन, ठरवून ठेवलेलें असावें.