साक्ष आणि निवाडा

मूल वही विसरले किंवा गणित अर्धे टाकून उठले, की त्यास ‘आळशी’ ठरवून आपण मोकळे होतो. परंतु सांगितलेले मनात धरून ठेवणे, ऊर्मी आवरणे, कामाचा क्रम लावणे, बेत फसल्यास तो बदलणे ह्या शक्ती सर्व मुलांत सारख्या वेगाने वाढत नाहीत. मानसशास्त्रज्ञ त्यांस कार्यकारी शक्ती म्हणतात. तेव्हा अपराध कोणता आणि अडचण कोणती, हे ओळखावे कसे?

त्यासाठी प्रश्नावल्या निघाल्या आहेत. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘ब्रीफ’ प्रश्नावलीत पालकांस व शिक्षकांस ८६ प्रश्न असत. २०१५ च्या आवृत्तीत ते ६३ झाले. ‘कधीच नाही’, ‘कधीकधी’ आणि ‘पुष्कळदा’ ह्यांतून एक उत्तर निवडावयाचे. घटकाभराच्या कसोटीत न दिसणारे रोजचे वर्तन तीत उमटते, हा तिचा मोठा गुण होय. परंतु ‘पुष्कळदा’ म्हणजे किती, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. अशा प्रश्नावल्या आणि प्रत्यक्ष कसोट्या ह्यांचे निष्कर्ष परस्परांशी फार थोडे जुळतात, असे टोप्लॅक, वेस्ट व स्टॅनोविच ह्यांनी २०१३ साली दाखविले.

आता ही प्रश्नावली धानाच्या भंडारा जिल्ह्यात आली, अशी कल्पना करू. रोवणीच्या दिवसांत आई सकाळीच बांधीत उतरते. भात शिजवून, धाकट्या भावंडास सांभाळून मुलगी शाळेत येते आणि वही विसरते. विसराळूपणाविषयी शिक्षक ‘पुष्कळदा’ लिहितील, आई ‘कधीच नाही’ म्हणेल. दोघेही खरे बोलत आहेत. त्यांनी पाहिलेली मुलगी मात्र निरनिराळी आहे. शिवाय झाडीबोलीत वाढलेल्या त्या आईपुढे पुस्तकी मराठीतील प्रश्न ठेवला, तर उत्तर मुलीविषयीचे की भाषेविषयीचे, हाही संशय उरतो. अशा वेळी दोन्ही उत्तरांची सरासरी काढणे म्हणजे त्यांतील अर्थच पुसून टाकणे होय.

म्हणून प्रश्नावली फेकून द्यावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. ती नसताना शिक्षकांचा राग हाच निकाल ठरत होता आणि खरोखर अडलेले मूल वर्षानुवर्षे छडी खात होते. प्रश्नावलीने निदान विचारावयास तरी शिकविले. मात्र तिला साक्षीदार मानावे, न्यायाधीश मानू नये. घर व शाळा ह्यांच्या साक्षी जेथे जुळत नाहीत, तेथेच चौकशी आरंभावी. आणि मुलावर कोणतेही नाव चिकटविण्यापूर्वी खुद्द त्याचेही म्हणणे ऐकून घ्यावे.