दोषाचा धनी

दिवाळीच्या सुटीपूर्वी प्रथम सत्राचे निकाल लावायचे, हा आम्हां मास्तरांचा दरसालचा नेम. गुणपत्रकाच्या अखेरीस ‘शेरा’ नावाचा एक रकाना असतो. संध्याकाळ झालेली असते, घरी फराळाची गडबड चाललेली असते आणि लिहिण्यासाठी एक शब्द हाताशी तयारच असतो : निष्काळजी.

काही वर्षांपूर्वी येथे महागावात एका मुलाच्या गणितापुढे मी तो लिहिला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील कापसाची वेचणी सोडून शाळेत आले. भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, “गुर्जी, गणिताचा तासच झाला नाही, तं पोरगं शिकन कुठून?” गणिताच्या शिक्षकाची जागा सत्रभर रिकामी होती, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. तरीही शेरा मी खोडला नाही. लिहिलेले खोडले की मास्तराची पत जाते, असे तेव्हा मला वाटे.

फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांची हकीकत वाचताना मला तो रकाना आठवला. १७ सप्टेंबर २००१ च्या रात्री राजस्थानातील सुरतगड येथून त्यांचे मिग-२१ विमान उडाले आणि थोड्याच वेळात कोसळले. वय अवघे सत्तावीस. चौकशीत दोष वैमानिकाकडे गेला : अंधारात त्यांचे दिशाभान सुटले. असे होऊ शकते. रात्री क्षितिज दिसत नाही, वेग वाढताना कानातला तोल फसतो आणि विमान वर चालले आहे की खाली, हे शरीराला उमगत नाही. पण त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी तो शेरा मानला नाही. त्या वर्षानुवर्षे दाद मागत राहिल्या. गेलेला मुलगा परत येणार नव्हता. त्याचे नाव तरी स्वच्छ यावे, एवढेच त्यांचे मागणे.

त्या अपघाताचे कारण महागावात बसून मी ठरवणार नाही. मला विचारायचे आहे ते निराळेच. एखाद्याची चूक सापडली, म्हणजे दोषही सापडला काय?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाँबफेकी दलातील ५५,५७३ जण मेले. त्यांतले पाच हजारांहून अधिक शत्रूच्या तोफेने नव्हे, तर शिकतानाच्या अपघातांत गेले. तेव्हा घाई होती. युद्ध दाराशी होते. आपल्याकडे काय होते? किरणसारख्या संथ विमानावर शिकलेली मुले थेट मिग-२१ वर बसत, आणि ते तर ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने उतरणारे विमान. मधली पायरी म्हणून वेगवान प्रशिक्षण विमान हवे, असे ला फाँटेन समितीने १९८२ मध्ये सांगितले. ‘हॉक’ विमाने हवाई दलात आली २००८ मध्ये. मधली सव्वीस वर्षे कोणत्या युद्धाची घाई होती?

संरक्षणमंत्र्यांनी २०१२ साली संसदेत सांगितले, की घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि १७१ वैमानिक मेले. कारणे माणसांच्या चुकांची आणि यंत्रांतील बिघाडांची, दोन्ही होती. पण १७१ मुलांपुढे ‘निष्काळजी’ असा शेरा कोणता मास्तर लिहील? वर्गातले एक मूल नापास झाले तर मुलाला विचारावे. निम्मा वर्ग नापास झाला तर मास्तराने स्वतःला विचारावे.

कोणी म्हणेल, चूक झाकायची काय? मुळीच नाही. चूक स्पष्ट लिहिलीच पाहिजे, नाहीतर उद्या दुसरा त्याच खड्ड्यात पडेल. परंतु चूक एका हाताची असते, दोष अनेक हातांचा असतो. ज्याने विमान द्यायचे ते दिले नाही, ज्याने कागद अडकवला, त्या हातांवर रक्त दिसत नाही एवढेच. मेलेला माणूस उलट बोलत नाही, म्हणून सगळ्यांचा दोष त्याच्या पदरात घालणे सोपे जाते.

मिग-२१ विमानांना २६ सप्टेंबर २०२५ रोजी निरोप देण्यात आला. विमान निवृत्त झाले; शेरे कागदावर तसेच राहतात.

तो मुलगा पुढे मला बसस्थानकावर भेटला. मी चूक कबूल केली. तो हसून म्हणाला, “जाऊ द्या, गुर्जी.” त्याला तसे म्हणता आले, हे माझे नशीब. यंदाही निकाल लावायला बसलो आहे. एका रकान्यापाशी लेखणी थांबली आहे. उद्या त्या मुलाच्या घरी जाऊन येईन, मग लिहीन.