बाटलीला दुखत नाही

मुलाचे अंगावरचे पिणे बंद करणे याला आपल्याकडे 'दूध तोडणे' म्हणतात. एवढ्या कोमल प्रसंगाला इतका कठोर शब्द का, याचे मला नेहमी नवल वाटे. छातीला कोरफडीचा कडू गर लावून मुलाला परतवणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्या आहेत. रडे मूल, आणि डोळे पुसत असे आई.

गेल्या पावसाळ्यात माझ्या बालवाडीमागे एक कुत्री ट्रकखाली सापडून मेली आणि तिची तीन पिल्ले, डोळेही न उघडलेली, आमच्या पडवीत आली. कादंबऱ्यांतून मी आया पुष्कळ रंगवल्या. पण मॅट्रिकपुढे न गेलेल्या मला खरी शाळा या पिल्लांनी दाखवली. गाईचे दूध पाणी घालून पाजावे हा आपला घरगुती समज. पण कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिने गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात आणि साखर कमी. म्हणजे पातळ केलेल्या दुधावर पिल्लू अर्धपोटी राहते, वर त्याला हगवण लागण्याची भीती. पशुवैद्यांनी पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पूड दिली. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पिल्लाला पालथे धरून बाटली लावायची. उताणे धरले तर दूध फुप्फुसात जाऊ शकते. पाजून झाले की ओल्या कोमट कापसाने शेपटीखाली हलकेच चोळायचे, कारण आईने चाटल्याखेरीज इतक्या लहान पिल्लाला लघवीसुद्धा होत नाही. दिवाळीच्या अंकात हे कशाला, असे कुणी म्हणेल. त्यांनी चकली क्षणभर खाली ठेवावी, एवढीच विनंती.

तिसऱ्या आठवड्यात डोळे चांगले उघडे होते आणि दुधाचे दात दिसू लागले. खरा प्रश्न तेथे सुरू झाला.

कुत्रीचे पाहा. पिल्लांचे सुईसारखे दात टोचू लागले की ती पाजता पाजता मधेच उठते, चार पावले जाते, क्वचित गुरकावतेही. पण सोडून जात नाही. काही कुत्र्या आपण खाल्लेले, अर्धवट पचलेले अन्न पिल्लांपुढे ओकतात. आपल्याला किळस येते, पण पिल्लांचे ते उष्टावण आहे. दूध आणि भाकरी यांमधली पायरी. तिला वेळ कळते ती बव्हंशी स्वतःच्या वेदनेवरून. माझ्या बाटलीला मात्र दुखत नव्हते. रबरी निपल चावून फाटले तर दुकानात दुसरे मिळते. ज्या देण्यात देणाऱ्याला काहीच टोचत नाही, ते कुठे थांबवायचे हे त्याने कशावरून ओळखावे?

हे कुत्र्यांपुरते नाही. मधल्या सुटीत बालवाडीत आया-आज्या डबा भरवायला येतात. मूल साडेचार वर्षांचे, पाची बोटे शाबूत, आणि तोंड उघडून बसलेले. मी काही सुचवले की उत्तर ठरलेले : "बाई, माझ्या हातून खाल्ल्याशिवाय त्याचं पोटच भरत नाही." कुणाचे पोट, हे मी विचारत नाही. मनात मात्र येते.

चौथ्या आठवड्यात मी त्याच दुधात मऊ भात कुस्करला, बोटाने चाटवला, मग पसरट ताटलीत ठेवला. पिल्लांनी त्यात पाय घातले, नाके बुडवली, शिंकली, एकमेकांची अंगे चाटली. जेवणापेक्षा अंघोळच अधिक! दोन पिल्ले चार दिवसांत शिकली. तिसरे, भुरे, सर्वांत लहान. ते ताटलीपाशी बसून बाटलीकडे पाही आणि रडे.

"अगं, दे की बाटली," सासूबाई म्हणाल्या. "पोरकं ते. आणखी आठ दिवस प्यायलं तर काय बिघडलं?"

"आई, दात आलेत त्याला."

"दात आले म्हणजे माया संपली का?"

या प्रश्नाला माझ्यापाशी चटकन उत्तर नव्हते, आणि सासूबाई सर्वस्वी चुकत होत्या असेही नाही. एकदम तोडले तर अशक्त पिल्लू खंगते. म्हणून भुऱ्याची बाटली मी एकेक वेळेने कमी केली, आणि पेज रोज थोडी दाट. सातव्या आठवड्याअखेर बाटली फडताळात गेली. पण माया आणि अन्न ही दोन निराळी खाती आहेत, असे मला वाटते. अमेरिकेत १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्लांना चौदा आठवडे माणसांच्या सहवासाशिवाय वाढवले होते. अन्न मिळत होते, पण ती पुढे माणसाजवळ येईनात. तेव्हा हात हवाच. त्यात बाटली असलीच पाहिजे असे नाही. नामदेवांची गोष्ट आपण ऐकतो : कुत्र्याने पोळी पळवली आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. त्या धावण्याने आपण गहिवरतो. पोळी कुत्र्याने स्वतः उचलली होती, हे कीर्तनात कुणाच्या ध्यानात राहत नाही.

दोन पिल्ले ओळखीच्या मळ्यावर गेली. भुरे आमच्याकडेच राहिले. भाकरीचा तुकडा टाकला की तो तोंडात धरून ते जिन्याखाली जाते आणि जवळ गेले तर माझ्यावरही गुरगुरते. सासूबाई त्याला कृतघ्न म्हणतात. मी म्हणत नाही; पण ते खाऊ लागले की मी दार हळूच लोटून आत येते.