त्याच्या डोळ्यांतले पाणी

आमच्या ओळखीचा जालन्यातला एक ख्रिस्ती मुलगा शिकायला बाहेरगावी होता. त्याचे वडील आणि आम्ही एकाच शाळेत शिकवलेले, त्यामुळे घरचे येणेजाणे. ईदला आमचा शीरखुर्म्याचा डबा त्यांच्याकडे जायचा आणि नाताळला त्यांच्या करंज्या आमच्याकडे यायच्या. सुटीत घरी आला की मुलगा चक्कर मारायचाच. अशाच एका संध्याकाळी चहा घेता घेता त्याने त्याच्या कॉलेजातल्या प्रार्थनेची हकीकत सांगितली.

प्रार्थनेला हजेरी सक्तीची. तो नेहमी मागच्या बाकावर, मोबाइलमध्ये डोके घालून. त्या दिवशी गाणे संपले आणि पुढचे कोणी बोलायच्या आधी थोडी शांतता पसरली. त्या शांततेत, का ते त्यालाही सांगता येईना, त्याला रडू फुटले. आपल्या शेजारी कोणीतरी येऊन बसले आहे आणि त्याला आपले सगळे ठाऊक आहे, असे वाटले. अर्धा तास तो तसाच बसून होता. बाहेर आल्यावर त्याने पहिले काम केले ते वडिलांना फोन करण्याचे. फीसाठी पाठवलेल्या पैशांतले काही त्याने उडवले होते, ते कबूल केले. "चाचा, प्रभू येशू माझ्याजवळ होते," तो म्हणाला. डोळे पुन्हा भरले होते.

आम्ही काय म्हणालो? "वयच असतं बेटा. गाणी, बंद हॉल, शे-दीडशे माणसं एका सुरात. मन भरून येतंच." तो हसला, चहा संपवला आणि गेला.

आमची बेगम आत भाकऱ्या थापत होती. ती बाहेर आली आणि एवढेच म्हणाली, "लिंबेजळगावलाही माणसं कमी नव्हती."

हा टोमणा कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादजवळ लिंबेजळगावला तबलिगी इज्तेमा भरला होता. जालन्याहून माणसे ट्रक भरभरून गेली. आमच्या मोहल्ल्यातला एक उनाड पोरगा अखेरच्या दुआला ढसाढसा रडला आणि परत आल्यावर किराणा दुकानदाराची जुनी उधारी त्याने स्वतः जाऊन चुकती केली. ही गोष्ट आम्ही मशिदीच्या अंगणात, लग्नाच्या पंगतीत, किती जणांना सांगितली असेल याचा हिशेब नाही. अल्लाहने हिदायत दिली की असे होते, हे आमचे ठरलेले वाक्य. तेव्हा आम्हाला गर्दी आठवली नाही, लाऊडस्पीकर आठवला नाही, पोराचे वयही आठवले नाही. दोन मुले, दोघांचेही डोळे भरलेले, दोघांनीही पैशांचा मामला साफ केलेला. एकाला आम्ही हिदायत म्हणालो आणि दुसऱ्याला वय.

त्या रात्री झोप लागली नाही असे म्हणणे नाटकी होईल. झोप लागली. पण प्रश्न गेला नाही.

एका धर्माच्या माणसाला त्याच्या इबादतीत जे जाणवते, त्याकडे दुसऱ्या धर्माच्या माणसाने कसे पाहायचे? याची दोन तयार उत्तरे आपल्याकडे फिरत असतात. सर्व धर्म एकच, नावे फक्त वेगळी, हे सत्काराच्या भाषणातले उत्तर. ते ऐकायला गोड आहे, पण त्यात त्या मुलाचाही अपमान आहे आणि आमचाही. तो हजरत ईसांना (अ.) देवाचा पुत्र मानतो. आम्ही त्यांना अल्लाहचे थोर पैगंबर मानतो, पुत्र मानत नाही. हा फरक नावाचा नव्हे. दुसरे उत्तर म्हणजे आमचे खरे आणि बाकी सगळा मनाचा खेळ. त्या संध्याकाळी आमच्या तोंडून हेच दुसरे उत्तर बाहेर पडले.

पण आपल्याच सीरतच्या ग्रंथांनी आपल्याला हे शिकवले आहे का? मक्केतल्या छळाला कंटाळून मुसलमान हबशाला गेले, तेव्हा तिथला ख्रिस्ती बादशहा नजाशी याच्या दरबारात हजरत जाफर (रजि.) यांनी सूरह मरियमचा सुरुवातीचा भाग ऐकवला. बादशहा रडला, त्याची दाढी भिजली, त्याचे धर्मगुरूही रडले. ही गोष्ट आपण मुलांना किती अभिमानाने सांगतो! सत्य ऐकून ख्रिस्ती माणसाचे डोळे भरून येतात, याचा उल्लेख सूरह अल-माइदामध्येही आहे. म्हणजे ख्रिस्ती माणसाचे अश्रू आपल्याकडे साक्ष म्हणून चालतात, फक्त ते आपल्या बाजूला पडले पाहिजेत. तेच अश्रू त्याच्या स्वतःच्या प्रार्थनेत पडले की आपण एकदम मानसशास्त्राचे अभ्यासक होतो.

दुसरी गोष्ट नजरानच्या शिष्टमंडळाची. तिथले ख्रिस्ती मदिनेला आले, त्यांच्या प्रार्थनेची वेळ झाली आणि ते मस्जिद-ए-नबवीतच पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले. काही जण त्यांना अडवू पाहत होते. पैगंबरांनी (स.) त्यांना प्रार्थना करू दिली. याच भेटीत हजरत ईसांविषयी (अ.) कडाक्याची चर्चा झाली आणि एकमत काही झाले नाही. आम्हाला वाटते, या दोन गोष्टी एकत्र वाचायला हव्यात. मतभेद पुसला गेला नाही आणि प्रार्थनाही थांबवली गेली नाही.

अर्थात, प्रार्थनेला जागा देणे वेगळे आणि त्या प्रार्थनेतला अनुभव खरा मानणे वेगळे. इथे आम्हाला इमाम गजाली आठवतात. बगदादच्या निजामियाचे हे नामवंत मुदर्रिस. १०९५ मध्ये त्यांची जीभच अडली, शिकवणे अशक्य झाले आणि सगळे सोडून ते निघून गेले. पुढे त्यांनी लिहून ठेवले की त्यांचा विश्वास युक्तिवादाने परत आला नाही, अल्लाहने छातीत टाकलेल्या नूरने आला. पण याच आत्मकथनात ते आणखी एक गोष्ट सांगतात. तरुणपणी त्यांच्या लक्षात आले की ख्रिस्त्यांची मुले ख्रिस्ती म्हणून वाढतात, ज्यूंची ज्यू म्हणून आणि मुसलमानांची मुसलमान म्हणून. तिथूनच त्यांचा शोध सुरू झाला. छातीतल्या नूरवर भरवसा ठेवणाऱ्या माणसालाही आधी हा प्रश्न टोचला होता. आमच्यासारख्याला तो उतारवयात, बायकोच्या टोमण्याने टोचावा, हे आमचे नशीब.

सूफींनी तर या बाबतीत फार बारीक विचार केला आहे. आपोआप येणारा वज्द निराळा आणि ओढूनताणून आणलेला तवाजुद निराळा, हा भेद त्यांनी केला. रडण्यातही रियाकारी असते, हे त्यांना माहीत होते. म्हणून ते रडण्यापाशी थांबत नसत, रडल्यानंतर माणूस काय करतो ते पाहत. हा निकष लावला तर आमच्या दोन्ही मुलांना सारखेच गुण द्यावे लागतात.

असे प्रसंग एकट्यादुकट्याचे नाहीत. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जून १९०५ मध्ये प्रार्थनेत मुली रडू लागल्या, आपली पापे मोठ्याने कबूल करू लागल्या. यातल्या कितीतरी दुष्काळातून वाचवलेल्या. अलीकडे, ८ फेब्रुवारी २०२३ रोजी, अमेरिकेत केंटकी राज्यातल्या अॅस्बरी विद्यापीठात नेहमीची सक्तीची प्रार्थना संपली आणि काही विद्यार्थी उठलेच नाहीत. त्यांची ती प्रार्थना दोन आठवड्यांहून अधिक चालली, सुमारे सहा हजार वस्तीच्या गावात हजारो माणसे लोटली. गंमत अशी की त्या दिवशी प्रवचन देणाऱ्याला आपले प्रवचन साफ फसले असेच वाटले होते. यातले किती वरचे आणि किती गर्दीचे, कोण सांगणार? पण हाच प्रश्न लिंबेजळगावला विचारला तर आम्ही उत्तर देऊ का?

आमच्या जिल्ह्यातल्या जांब गावचा नारायण 'सावधान' हा शब्द कानी पडताच लग्नमंडपातून पळाला, असे सांगतात. तो पुढे समर्थ रामदास झाला. त्या पोराच्या मनाचे विश्लेषण करायला आजवर कोणी बसलेले नाही.

जालन्याशी जोडलेला आणखी एक नारायण आहे. त्याची गोष्ट आम्हाला अधिक छळते. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण विद्यार्थी मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांच्या हाताखाली शिकत होता. आजचे विल्सन कॉलेज ज्या मिशनच्या शाळेतून वाढले, तेच हे मिशन. शिकता शिकता त्याचा विश्वास बदलला आणि १८४३ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, बारा वर्षांच्या आसपासचा, तोही मिशनऱ्यांकडे राहिला. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि श्रीपत त्यांना परत मिळाला. पण मिशनऱ्यांकडे राहिलेल्या, जेवलेल्या मुलाला जातीत घ्यायचे कसे, यावर ब्राह्मणांत रणे माजली. बाळशास्त्री जांभेकर त्या पोराच्या बाजूने उभे राहिले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला.

नारायण शेषाद्री पुढे रेव्हरंड होऊन जालन्याला आले. १८७० च्या सुमारास त्यांनी शहराजवळ बेथेल नावाची वस्ती वसवली. तिथे राहायला आले ते बहुतेक मांग-महार, ज्यांना गावात सावलीलाही जागा नव्हती. ती जमीन मिळाली हैदराबाद संस्थानचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून. एका मुसलमान दिवाणाने, मुसलमानी राज्यात, बाटलेल्या ब्राह्मणाला अस्पृश्यांचे ख्रिस्ती गाव वसवायला जमीन दिली. आजच्या वातावरणात हे वाक्य लिहितानाही आजूबाजूला पाहावेसे वाटते.

सालारजंगांचा दाखला देऊन आम्ही उदार ठरू शकलो असतो आणि लेख इथे थांबवला असता. पण आमचे मन सालारजंगांपाशी थांबत नाही. ते शेषाद्रींच्या वडिलांपाशी जाते. थोरल्याला आत काय जाणवले, ते खरे की खोटे, याच्याशी त्या बापाला काय करायचे होते? त्याचा एक मुलगा गेला होता आणि दुसरा जात होता. आमचा स्वतःचा मुलगा त्या कॉलेजच्या हॉलमध्ये मागच्या बाकावर असता, त्यालाही शेजारी कोणी येऊन बसल्यासारखे वाटले असते आणि त्याने आम्हालाच फोन केला असता, तर? खरे सांगायचे तर आम्हीही वकील शोधला असता. कबूल केलेल्या पैशांबद्दल एक शब्द बोललो नसतो.

म्हणून सध्या आम्हाला एवढेच पटले आहे. त्या मुलाचा अनुभव खरा आहे असे मानायला आम्ही तयार आहोत, पण त्या अनुभवातून त्याचा सिद्धांत खरा ठरतो असे मानायला तयार नाही. आणि हा नियम त्याला लावायचा तर तो आम्हालाही लागतो. लिंबेजळगावचे अश्रू इस्लामच्या सत्यतेचा पुरावा म्हणून आम्हाला यापुढे मशिदीच्या अंगणात मांडता येणार नाहीत. आमचे ईमान दुसऱ्या पायांवर उभे आहे, ते राहील. पण ती गोष्ट सांगायची सवय जडली होती, तिच्यात गोडी होती. ती सोडणे जड जाते.

मागच्या नाताळला आम्ही करंज्यांचा डबा परत करायला स्वतः गेलो. मुलगा घरी होता. आम्ही त्याला म्हणालो, "त्या दिवशी तू सांगत होतास ते आम्ही नीट ऐकलं नाही. पुन्हा सांगतोस का?" त्याने वडिलांकडे पाहिले. वडिलांनी रेडिओचा आवाज कमी केला आणि आमच्यासाठी खुर्ची ओढली.