आयती खुंटी

भिंतीला खुंटी असताना कोट टांगायला नवा खिळा ठोकणारी एक जात आहे. ही माणसं पाप करतात की नुसताच आवाज, हा प्रश्न मला हल्ली पडतो; कारण आमच्या वाचनालयाची जूमलावरची वेबसाइट माझ्या गळ्यात आली आहे. जूमला हे नाव स्वाहिलीतून आलं, अर्थ 'सगळे मिळून'. आपल्या जुन्या हिशेबांतही एकूण बेरजेला जुमलाच म्हणत. म्हणजे पाहुणा घरचाच निघाला!

यात मोड्यूल नावाचे चौकोन असतात. एकाची सेटिंग उघडली की प्रश्नांची सरबत्ती सुरू : कुठे बसणार? कुणाला दिसणार? सगळ्या पानांवर, की अमुक पानं सोडून? कधीपासून, आणि कधीपर्यंत? लग्नाच्या बैठकीत एवढं विचारलं असतं, तर निम्मे संसार सुखाचे झाले असते.

माझा भाचा हुशार आहे, म्हणून तो सेटिंग वाचत नाही. एक सूचना फक्त सभासदांना दिसावी, एवढंच हवं होतं. हा कोड लिहायला बसला.

"अरे, तिथे 'रजिस्टर्ड' निवडलं की झालं."

"मग मामा, त्यात आपण काय केलं?"

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. २००५ साली मांबोच्या कारभारावरून बिनसलं, म्हणून काही मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी जूमला उभं केलं. ती आयत्या खुंटीवर समाधान मानती, तर मी आज कुणाच्या नावाने बोटं मोडली असती? पण त्यांनी घर बांधलं, तेही सगळ्यांसाठी. भाच्याचा खिळा भाच्यालाच दिसणार. मूळ फायलीत ठोकला तर पुढच्या अपडेटात पुसला जाणार, आणि तोवर तो बंगळूरला गेलेला असणार. मागे आमच्या लेखनिक बाई. आपल्या हौसेचा त्रास न पाहिलेल्या माणसाला द्यावा का, एवढाच माझा मुद्दा. भाच्याला तो अजून पटलेला नाही.

बाई मात्र सेटिंगमध्ये तयार झाल्या. परवा जुन्या ग्रंथपालांची शोकसूचना लावताना 'कधीपर्यंत' या रकान्यापाशी थांबल्या.

"तेरावा झाला की काढायची का हो?"

रकाना रिकामा ठेवला तर सूचना कायम राहते, असं मी सांगितलं. बाईंनी तो रिकामा ठेवला आणि नव्या पुस्तकांच्या यादीकडे वळल्या.